पुढचा भाग आणि मागे राहिलेला चाहता

पुण्यात तयार झालेल्या 'राजी' या संगणक खेळाचा पुढचा भाग २०२५ मध्ये जाहीर झाला आणि जगभरच्या खेळाडूंना चांगलाच परिचित असलेला पेच मराठी मुलुखातील चाहत्यांपुढेही उभा राहिला. आवडत्या खेळाचा सिक्वेल रूप बदलून येतो, तेव्हा चाहता एकाच वेळी सुखावतो आणि दुखावतो. या दुहेरी भावनेला हट्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तिच्या तळाशी बदल नेमका कोणासाठी होत आहे, हा रास्त प्रश्न असतो. परभणीसारख्या जिल्ह्यातून पाहिले, की तो अधिकच टोकदार होतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये बाजारात आणला. ऑगस्टमध्ये तो निन्टेन्डो स्विच या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणक व अन्य यंत्रांवर. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात निघालेली कसरतपटू राजी, तिच्या पाठीशी उभी राहिलेली दुर्गा आणि या प्रवासाची कथा आपसात बोलत सांगणारे दुर्गा व विष्णू, असे त्याचे कथानक होते. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा कंपनीचा प्रयत्न फसला होता. असे असूनही खेळ पूर्ण झाला आणि २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. भारतीय पुराणकथा, राजस्थानी किल्ल्यांचे स्थापत्य आणि लघुचित्रांची रंगसंगती घेऊन एखादा खेळ जगाच्या पंगतीत बसतो, याचे अप्रूप मोठे होते. चाहता तेव्हा तयार झाला तो या अप्रुपातून. खेळ पाच-सहा तासांत संपतो, लढाई काहीशी अवघडल्यासारखी वाटते आणि शेवट अचानक येतो, या तक्रारी त्याने तेव्हाही केल्या होत्या. पण घरच्या कार्यातील उणिवांकडे पाहावे, तशा मायेने.

चौकट मोडताना

'राजी : कलियुग' या दुसऱ्या भागात दोन बदल डोळ्यांत भरतात. पहिल्या भागात कॅमेरा उंचावर, ठरलेल्या कोनात असे. आता तो नायिकेच्या पाठीमागून चालतो. पहिल्या भागात खेळाडू फक्त राजी होत असे. आता तिच्या भावाची भूमिकाही त्याच्याकडे येते. कागदावर हे दोन्ही बदल स्वागतार्हच आहेत. जवळचा कॅमेरा लढाईला धार देतो, शत्रूचा वार कुठून येतो ते कळते. ज्या भावाला शोधण्यासाठी पहिला भाग खेळला, तोच आता स्वतःच्या पायांवर उभा राहतो, यात कथेचे स्वाभाविक वाढणेही आहे.

मग चाहत्याच्या मनात खंत कशाची? त्यासाठी जुन्या कॅमेऱ्याचे काम समजून घ्यावे लागेल. कॅमेरा एका जागी बांधलेला असला, की खेळाडूला काय आणि किती दिसेल, हे चित्रकार ठरवतो. भव्य महालाच्या सज्जावर धावणारी चिमुकली राजी, खाली दरी, मागे मावळते आकाश, ही दृश्ये लघुचित्राच्या चौकटीसारखी रचलेली होती. माणूस लहान आणि देवदेवतांचे जग मोठे, हा कथेचा अर्थच त्या चौकटीतून प्रकट होत होता. कॅमेरा पाठीशी आला, की चौकट खेळाडूच्या हाती जाते. तो हवे तिकडे पाहू शकतो. म्हणून प्रत्येक भिंतीच्या सर्व बाजू रंगवाव्या लागतात, खर्च वाढतो, यंत्राची ताकद अधिक लागते. शिवाय जगातील असंख्य मोठ्या खेळांसारखा हाही खेळ दिसू लागण्याचा धोका असतो. मिळाले ते स्वातंत्र्य आणि गेली ती ओळख. चाहत्याची संमिश्र प्रतिक्रिया या दोहोंमध्ये हिंदकळते.

बाण आणि वाट

'राजी' काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग प्रकारातला खेळ नव्हे. तो साहस आणि लढाईचा खेळ आहे. ज्यात खेळाडू एक भूमिका स्वीकारतो, तिचे गुणदोष घडवतो आणि निर्णयांचे परिणाम भोगतो, त्या अद्भुतरम्य रोल-प्लेइंग खेळांच्या जगात हा वाद फार जुना आहे. 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतील 'मॉरोविंड' २००२ मध्ये आला. त्यात एखादी गुहा शोधायची, तर गावकऱ्याने तोंडी सांगितलेल्या खुणा लक्षात ठेवाव्या लागत : नदी ओलांडा, मोठ्या खडकापाशी वळा, पुढे विचारा. थोडक्यात, जिंतूरकडच्या एखाद्या आडवाटेच्या गावी पोहोचण्याची आपली नेहमीचीच रीत. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये दिशादर्शकावर खूण दिसू लागली आणि नकाशावर बोट ठेवताच दूरच्या शहरी पोहोचता येऊ लागले. दिवसभर काम करून रात्री तासभर खेळणाऱ्याला ही सोय वरदान वाटली. पण वाट चुकण्यातून, विचारण्यातून आणि अवचित काही सापडण्यातून त्या जगाशी जे नाते जुळत होते, ते पातळ झाले. सोय आणि अनुभव यांतील हा झगडा तेव्हापासून प्रत्येक सिक्वेलमध्ये नव्याने लढला जातो.

तीन मालिका, तीन धडे

बायोवेअर या कॅनडातील कंपनीचा 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' २००९ मध्ये आला. नायक कोणत्या वंशाचा, कोणत्या घरातला, हे खेळाडू ठरवत असे आणि त्यानुसार आरंभ बदलत असे. अवघ्या दोन वर्षांत आलेल्या दुसऱ्या भागाने नायक ठरवून दिला आणि त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा वापरल्या. चौथा भाग 'द व्हेलगार्ड' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. लढाई चपळ, देखावे देखणे, शेवटचा टप्पा उत्कट, अशी दाद त्याला मिळाली. पण सोबत्यांना थेट चालवण्याची मुभा गेली आणि आधीच्या भागांत घेतलेल्या निर्णयांपैकी मोजकेच पुढे नेता आले. वर्षानुवर्षे जपलेला आपला इतिहास पुसला गेल्याची भावना जुन्या खेळाडूंत उमटली. सुमारे १५ लाख लोकांनी तो खेळला आणि हा आकडा अपेक्षेच्या जवळपास निम्माच होता, असे प्रकाशक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले.

दुसरा धडा 'डायब्लो ३'चा. मे २०१२ मध्ये आलेल्या या खेळाची संगणकावरील आवृत्ती एकट्याने खेळण्यासाठीही इंटरनेटची अखंड जोडणी मागत होती. पहिल्याच दिवशी कंपनीचे सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेले ग्राहक दाराबाहेर ताटकळले. खेळातील शस्त्रे खऱ्या पैशांनी विकण्याचा बाजारही त्यात होता. चाहत्यांच्या नाराजीनंतर मार्च २०१४ मध्ये तो बंद झाला.

तिसरा धडा उलट दिशेचा आहे. 'बॉल्डर्स गेट'चे पहिले दोन भाग १९९८ आणि २००० मध्ये आले. तिसरा भाग बेल्जियममधील लॅरियन या दुसऱ्याच कंपनीने केला आणि लढाईची पद्धतच बदलून टाकली; सलग चालणाऱ्या लढाईऐवजी पाळीपाळीने डाव. २०२० मध्ये त्याची झलक दिसताच जुने चाहते बिथरले. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून कंपनीने अपुरा खेळ लोकांच्या हाती दिला आणि जवळपास तीन वर्षे त्यांच्या सूचना ऐकत तो घडवला. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण खेळ आला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाचा मान त्याने मिळवला. बदल तर येथेच सर्वांत मोठा होता. मात्र निर्णयाचे स्वातंत्र्य आकसण्याऐवजी विस्तारले होते. चाहत्याचा विरोध बदलाला असतो, या समजुतीला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

परभणीतून पाहताना

हे सारे दूरचे वाटू शकेल. परंतु नऊ तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाखांवर लोकसंख्या असलेल्या परभणी जिल्ह्यातून पाहिले, तर सिक्वेलमधील प्रत्येक बदलाला एक रोकडी बाजू असते. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने मराठवाड्याचा दिवस कापून काढला होता. त्या काळात ज्या पिढीने सायबर कॅफेत किंवा घरातल्या एकुलत्या एक संगणकावर खेळ अनुभवला, तिच्यासाठी डिस्कवरून एकदा उतरवून घेतलेला आणि वीज आली की चालणारा खेळ हीच खरी मालमत्ता होती. अखंड इंटरनेट मागणारा सिक्वेल तिच्या दृष्टीने अधिक प्रगत नव्हता. तो बंद दरवाजा होता.

२०१६ मध्ये जिओ आल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले, हे खरे. पण 'बॉल्डर्स गेट ३'साठी १५० जीबी जागा लागते, तीही वेगवान एसएसडीवर. मोठ्या खेळांच्या किमती तीन-चार हजार रुपयांच्या घरात गेल्या आहेत. सोयाबीन आणि कापसाच्या भावावर घरचा हिशेब ठरणाऱ्या जिल्ह्यात हा खर्च कोणत्या खात्यात मांडायचा? त्यामुळे 'नव्या यंत्रांसाठी नव्याने घडवलेला' ही जाहिरातीतील ओळ पुण्या-मुंबईत निमंत्रणासारखी वाटते, तर सेलू किंवा गंगाखेडमध्ये ती वगळल्याची सूचना ठरू शकते. भाषेचेही तसेच. 'राजी'ला हिंदी आवाज मिळाला तो २०२२ च्या सुधारित आवृत्तीत, म्हणजे दोन वर्षांनंतर. दुर्गा इंग्रजीत बोलताना ऐकलेल्या खेळाडूला तो बदल मात्र निर्विवाद गोड वाटला असेल, कारण त्याने कोणालाही बाहेर न काढता नव्यांना आत घेतले.

बदल कसा स्वीकारला जातो, याचे उत्तर परभणीच्या मातीत आधीपासून आहे. राजारामभाऊ कदम यांच्यासारख्या गोंधळ्यांमुळे परभणीचे नाव गोंधळाच्या परंपरेशी जोडले गेले. गोंधळात आख्यान तेच असले, तरी ते दर रात्री वेगळे होते. यजमान, गाव, प्रसंग पाहून नाईक ते फुलवतो, साथीदार मध्येच चिमटा काढतो, ताजे संदर्भ येतात. कोणी तक्रार करीत नाही. मात्र दिवटी पेटली नाही, संबळ वाजला नाही आणि देवदेवतांना आवाहनच झाले नाही, तर जमलेली मंडळी त्याला गोंधळ म्हणणार नाहीत. काय बदलावे आणि काय बदलू नये, याचा हा अलिखित करार असतो आणि तो श्रोत्यांसमोर, त्यांच्या माना डोलण्यावर नजर ठेवूनच पाळला जातो. खेळांचे निर्माते बहुधा चुकतात ते येथे. आवाहन कोणते आणि आख्यान कोणते, हे ठरवताना ते बाजाराचे अंदाज पाहतात. समोर बसलेल्यांकडे पाहत नाहीत.

धोरणाला कान हवेत

हा विषय आता केवळ छंदाचा राहिलेला नाही. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि संलग्न क्षेत्रांसाठी तीन हजार कोटींहून अधिक रुपयांचे धोरण मंजूर केले. त्याआधी ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परिणामी सार्वजनिक चर्चेत 'गेमिंग' म्हणजे एक तर जुगार, नाही तर गुंतवणूक. खेळ ही एक कथा आहे, तिला श्रोते आहेत आणि त्यांचे काही म्हणणे आहे, ही गोष्ट दोन्हीकडून निसटते. राज्यातील कंपन्यांना जागा आणि सवलती मिळाव्यात, यात वाद नाही. परंतु साध्या संगणकावर चालणारी आवृत्ती, मराठी भाषा आणि इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय यांना उत्तेजन देण्याचा विचारही याच धोरणाच्या अंमलबजावणीत व्हायला हवा. नपेक्षा मराठी मुलुखात घडलेले खेळ मराठी मुलुखाच्या मोठ्या भागालाच परके राहतील.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण मराठवाड्याबाहेरही ठाऊक आहे. बाहेर जमले तर जमले, नाही तर परतायला परभणी आहेच, हा तिच्यातील दिलासा. सिक्वेलच्या चाहत्यालाही हाच दिलासा हवा असतो. नवे जमले नाही, तर जुन्याकडे परतता यावे. कंपनीच्या सर्व्हरवर विसंबलेले खेळ नेमका तोच हिरावून घेतात. सर्व्हर बंद झाला, की विकत घेतलेला खेळही संपतो. याविरुद्ध युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेला २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या, त्या उगाच नव्हेत. पुढचा भाग जरूर बदलावा. फक्त त्याने मागची वाट बुजवू नये, एवढीच चाहत्याची मागणी आहे. आणि ती अवाजवी नाही.