दात मोजून घ्या!

शुक्रवारची संध्याकाळ. प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड बाकी, बॉस डोक्यावर उभा, आणि तेवढ्यात डोंबिवलीहून मामाचा फोन.

"अरे, माझ्या अल्बममध्ये ऑरेंजबर्ग निघालंय! मामीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन यातच होतंय बघ!"

मी खुर्चीतून उडालोच. शेजारच्या क्युबिकलमधल्या मैत्रिणीला वाटलं, प्रमोशन मिळालं!

आता हे ऑरेंजबर्ग काय प्रकरण आहे? सांगतो. पण त्याआधी कॉइल तिकिटांची जरा ओळख करून घेऊ. कॉइल म्हणजे तिकिटांची गुंडाळी, सेलोटेपसारखी. शीटमधल्या तिकिटाला सहसा चारही बाजूंना दात असतात. गुंडाळीतलं तिकीट फक्त मागच्या-पुढच्या तिकिटापासून फाडायचं असतं, म्हणून दात समोरासमोरच्या दोनच बाजूंना. बाकी दोन बाजू सरळ कापलेल्या.

दोन सेंटिमीटरमध्ये जितके दात बसतात, तो त्या तिकिटाचा आकडा. बारा दात बसले तर 'परफ १२'. मोजायला परफोरेशन गेज नावाची साधी पट्टी मिळते. पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनी १८६६ मध्ये ही पद्धत मांडली, ती आजही चालते.

आता गंमत बघा. अमेरिकेच्या पोस्टखात्याने १९०८ मध्ये स्वतःच्या कॉइल काढल्या, त्या परफ १२. छिद्रं जास्त, मधला कागद कमी. परिणाम? मशीनमध्ये गुंडाळी जराशी ताणली की पटकन तुटायची. म्हणून १९१० मध्ये छिद्रं कमी करून परफ ८.५ केलं. तर आता तिकीट सुटता सुटेना! लोक वैतागले. शेवटी १९१४ मध्ये परफ १० वर तडजोड झाली. म्हणजे आज आपण ज्याला 'व्हरायटी' म्हणून मिरवतो, ती त्या काळची निव्वळ डोकेदुखी होती.

प्रत्येकाने या डोकेदुखीवर आपापलं औषध शोधलं. काही अमेरिकन कंपन्या पोस्टाकडून बिनदाती शीट घ्यायच्या आणि आपल्या मशीनला चालतील अशी भोकं स्वतःच पाडायच्या. डेट्रॉइटच्या शेरमॅक कंपनीने तर बाजूला फक्त दोन लांबट चौकोनी खाचा पाडल्या. हॉलंडने १९२५ पासून ठराविक ठिकाणी छिद्रंच गाळली, म्हणजे गुंडाळी मजबूत राहील. असं तिकीट हातात आलं तर दात पडलेत म्हणून फेकू नका, ते जन्मतःच तसं आहे!

आता ऑरेंजबर्ग. न्यूयॉर्क राज्यातल्या या गावात एक औषध कंपनी होती. डॉक्टरांना नमुने पाठवायला तिला तीन सेंटची कॉइल हवी होती. १९११ मध्ये तिच्यासाठी जांभळ्या वॉशिंग्टनच्या कॉइल तयार झाल्या आणि त्यांना दात पडले बारा. तोवर बाकीच्या कॉइल साडेआठवर गेल्या होत्या! संग्राहकांना पत्ता लागेपर्यंत बरीचशी तिकिटं डॉक्टरांच्या कचरापेटीत गेली. उरली ती आज अमेरिकेच्या सगळ्यात दुर्मिळ कॉइलमध्ये मोजली जातात.

रविवारी गेज, पट्टी आणि भिंग घेऊन मी डोंबिवली गाठली. मामीने पोहे केले होते. मामाने अल्बम उघडला. जांभळा वॉशिंग्टन, वर-खाली सरळ, बाजूंना दात. गेज लावलं, बरोब्बर बारा! मामा माझ्याकडे असा बघत होता की मी डॉक्टर आणि तो रिपोर्टची वाट बघणारा पेशंट.

पण खरी परीक्षा पुढे होती. त्याच अल्बममधलं १९१७ नंतरचं साधं तीन सेंटचं तिकीट मी घेतलं, चारही बाजूंना दात असलेलं. त्यावर मामाचं 'ऑरेंजबर्ग' ठेवलं. खऱ्या कॉइलने दातांच्या टोकापर्यंतची उंची झाकायला हवी. इथे खालचं तिकीट वरूनही डोकावत होतं आणि खालूनही. पट्टी लावली तर सरळ कडा एकमेकींना समांतरही नव्हत्या. म्हणजे कुणीतरी शीटमधल्या साध्या परफ १२ तिकिटाचे वरचे-खालचे दात कात्रीने उडवले होते.

"काय रे?" मामाने विचारलं.

क्षणभर वाटलं, खोटं बोलावं. पण हेच तिकीट घेऊन उद्या तो बाजारात गेला असता तर? सांगितलं. मामा काहीच बोलला नाही. चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "बावीस वर्षांचा होतो. अर्धा पगार घातला होता याच्यात."

मामी आतून म्हणाली, "अहो, एफडी आहे की. आणि गुडघे माझे आहेत, मी घाबरत नाही, तुम्ही कशाला तोंड पाडताय?" मामा हसला. तिकिटाखाली पेन्सिलने लिहिलं 'कापलेलं', आणि तिकीट परत जागेवर लावलं.

तर मंडळी, ऑनलाइन लिलावात 'रेअर कॉइल' दिसलं की क्लिक करण्याआधी एवढं करा. दात मोजा. उंची साध्या तिकिटाशी ताडून बघा. सरळ कडा समांतर आहेत का, ते तपासा. शक्यतो सुटं तिकीट न घेता जोडी घ्या, कारण जोडीत बनवाबनवी अवघड असते. आणि रक्कम मोठी असेल तर तज्ज्ञ संस्थेचं प्रमाणपत्र मागा, कारण रुंद मार्जिनचं तिकीट कापलेलं असेल तर पट्टीही फसते.

बैलबाजारात आपल्या आजोबांनी दात बघितल्याशिवाय कधी पैसे मोजले होते का? मग आपण तरी का मोजायचे?