चौघांचा प्रभाग, जाब कोणाला?

15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील 29 महानगरपालिकांसाठी मतदान झाले. एकूण 2,869 जागा. दुसऱ्या दिवशी निकाल लागले, गुलाल उधळला गेला, आणि त्यानंतर वृत्तपत्रांचे रकाने एकाच विषयाने भरून गेले : महापौर कोणाचा? स्थायी समिती कोणाकडे? कोणत्या नेत्याचा गड राखला गेला आणि कोणाचा ढासळला? राजकारणात हे प्रश्न स्वाभाविक आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु माझ्या घरासमोरचे गटार तुंबले तर मी जाब कोणाला विचारायचा, हा साधा प्रश्न मात्र या सर्व धामधुमीत कोणीही विचारला नाही. ज्या संस्था मुळात गटार, पाणी, रस्ता आणि दिवा यांसाठी जन्माला आल्या, त्यांच्या निवडणुकीत नेमका हाच प्रश्न अनुत्तरित राहतो, याचे आपल्याला काहीच वाटेनासे झाले आहे काय?

या निवडणुका तरी वेळेवर झाल्या काय? मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक या महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. छत्रपती संभाजीनगर, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर येथे तर 2020 पासूनच प्रशासक बसले होते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी असे राज्यघटनेचे 243-यू हे कलम स्पष्ट सांगते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचे वारंवार झालेले फेरफार यांत चार-चार, काही ठिकाणी पाच-पाच वर्षे निघून गेली. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले तेव्हा चक्रे फिरू लागली. या काळात मुंबई महापालिकेचा 2025-26 चा 74,427 कोटी रुपयांचा अर्थसंकल्प एकाही लोकनिर्वाचित नगरसेवकाच्या मताविना संमत झाला. देशातील काही लहान राज्यांच्या अंदाजपत्रकाहून मोठी ही रक्कम! उद्या विधानसभेविना राज्य चार वर्षे चालवले तर आपण रस्त्यावर उतरू. महापालिकेविना शहर चार वर्षे चालले, तेव्हा आपण वाहिन्यांवरील चर्चा पाहत घरात बसलो.

असो. मला आज सांगायचे आहे ते आमच्या उपनगरातील एका गृहस्थांविषयी.

हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. सारी वसाहत त्यांना काका म्हणते. नाल्याची संरक्षक भिंत, रात्री अडीच वाजता येणारे पाणी, शाळेपुढचा गतिरोधक, बसथांब्यावरचे छप्पर अशा विषयांवर गेली वीस वर्षे ते महापालिकेकडे पाठपुरावा करीत आहेत. त्यांच्याकडे एक जाडजूड फाईल आहे. प्रत्येक अर्जाची पोच, तारीख आणि शिक्का तीत लावलेला आहे. आंदोलन, उपोषण, पत्रकार परिषद यांतले काही त्यांनी कधी केले नाही. अर्ज द्यायचा, पंधरा दिवसांनी जायचे, पुन्हा पंधरा दिवसांनी जायचे, हा त्यांचा एकमेव मार्ग. नाल्याची भिंत उभी राहण्यास या मार्गाने सात वर्षे लागली, पण ती उभी राहिली.

काका नेहमी 2007 च्या निवडणुकीनंतरचा काळ आठवतात. त्या वेळी एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जात असे. आमच्या प्रभागातून जो निवडून आला तो काकांच्या विचारांचा नव्हता, किंबहुना पूर्ण विरोधी होता. परंतु नाला तुंबल्याचा दूरध्वनी गेला की तो सकाळी साडेसातला स्वतः येऊन उभा राहत असे. "तो काही संत नव्हता," काका म्हणतात. "पण आमच्या तीन सोसायट्यांची मते फिरली तर आपण पडतो, हे त्याला पक्के ठाऊक होते."

मतदाराची ताकद नेमकी कशात असते, हे काकांच्या या एका वाक्यात आले आहे.

2012 मध्ये प्रभाग दोन सदस्यांचा झाला, 2017 मध्ये चार सदस्यांचा. या वेळी, वसाहतीतील तरुणांनी आग्रह धरला की काकांनी अपक्ष म्हणून उभे राहावे. आग्रह करणाऱ्यांत मीही होतो. काकांनी आठ दिवस मागितले आणि ते प्रभागाचा नकाशा घेऊन बसले. नकाशात आमची वसाहत एका कोपऱ्यात नखाएवढी. महामार्गापलीकडच्या दोन टोलेजंग टाउनशिप, नदीकाठचे जुने गाव, टेकडीच्या पायथ्याची झोपडपट्टी, आणि पायी फिरायचे म्हटले तर दोन महिन्यांतही संपणार नाही इतकी घरे. जागा चार : अ, ब, क आणि ड. पहिल्या तीन आरक्षित. उरली एकटी 'ड', आणि प्रभागातील सगळे बाहुबली, बांधकाम व्यावसायिक आणि नेत्यांचे वारसदार त्या एकाच अक्षरावर तुटून पडलेले. एका पक्षाचा पदाधिकारी घरी येऊन त्यांना आपुलकीने म्हणाला, "काका, तुमच्याविषयी आदर आहे, पण इथे माणूस चालत नाही, पॅनेल चालते. चौघांचा खर्च एकत्र, प्रचार एकत्र. एकटे उभे राहिलात तर तुमचे नावसुद्धा महामार्गापलीकडे पोचणार नाही."

तो खोटे बोलला नव्हता. काकांनी अर्ज भरला नाही.

पुण्याचेच उदाहरण घ्या. तेथे या वेळी 165 नगरसेवक 41 प्रभागांतून निवडले गेले. 2011 च्या, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या, जनगणनेच्या हिशेबानेही एका प्रभागात पाऊण लाखाच्या वर लोकसंख्या भरते. एवढ्या लोकांपर्यंत पोचायला लागतो पैसा, चिन्ह आणि नेत्याचे छायाचित्र. पंधरा वर्षे वस्तीत काम केलेल्या शिक्षकाला, वैद्याला, बचत गट चालवणाऱ्या गृहिणीला यात वाव कोठे आहे? आणि निवडून आल्यावर तर बारभाईंचा कारभार! रस्ता खचला की 'अ' म्हणतो तो भाग 'क' पाहतात, 'क' म्हणतात 'ड' साहेबांनी निधी घेतला आहे, आणि उद्घाटनाच्या फलकावर मात्र चौघांचीही छायाचित्रे. चौघांपैकी एकाचे निधन झाले तर त्या एका जागेसाठी संपूर्ण प्रभागात पोटनिवडणूक घ्यावी लागते, हा खर्च आणखी निराळा.

ही व्यवस्था आणली कोणी? येथे कोणा एका पक्षाकडे बोट दाखवून मोकळे होणे सोयीचे ठरेल, पण ते खरे होणार नाही. 2002 मध्ये तीन सदस्यांचे प्रभाग होते, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार. पुढे महाविकास आघाडीच्या सरकारने पुन्हा एक सदस्य पद्धत आणली, आणि 2021 मध्ये त्याच सरकारने तीन सदस्यांचा निर्णय घेतला. 2022 मध्ये सत्तांतर झाले आणि पुन्हा चार. ज्या वेळी ज्याला जे सोयीचे वाटले, ते त्याने केले. यात आपल्याला जवळचे वाटणारे पक्षही आले, हे स्पष्टपणे लिहिण्यास मला संकोच वाटत नाही. मुंबईत मात्र या साऱ्या काळात एका प्रभागाला एकच नगरसेवक राहिला. 227 प्रभाग, 227 नगरसेवक. मुंबईकराला जी पद्धत मानवते, ती नाशिककराला, सोलापूरकराला का मानवू नये, याचे उत्तर आजवर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

बहुसदस्य पद्धतीच्या बाजूने एक युक्तिवाद गंभीरपणे घ्यावा असा आहे. 2011 पासून महिलांना निम्म्या जागा आरक्षित झाल्या. एक सदस्य पद्धतीत सोडत निघाली की एखाद्या चांगल्या नगरसेवकाचा प्रभागच त्याच्या हातून जातो. चार जागांत काही ना काही जागा त्याच्यासाठी उरते. यात तथ्य आहे. परंतु रोगावर हा उपाय नव्हे. आरक्षणाचे चक्र दर पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी फिरवता येईल का, याचा विचार करा. त्यासाठी पाऊण लाख लोकांना चार तोंडांच्या स्वाधीन करण्याचे कारण नाही. शिवाय आपली जागा आरक्षित झाली म्हणून पत्नीला, सुनेला उभे करून स्वतः कारभार पाहणारे महाभाग चार सदस्यांच्या प्रभागातही तितकेच आहेत.

केरळचे नाव घेतले की आपल्या काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील, तरीही घेतो. डिसेंबर 2025 मध्ये तिरुवनंतपुरम महापालिकेत भाजपप्रणीत आघाडीने 101 पैकी 50 जागा जिंकल्या आणि डाव्यांच्या बालेकिल्ल्यात महापौर बसवला. येथे अनेकांनी पेढे वाटले. पण हे कसे घडले, याचा अभ्यास किती जणांनी केला? तेथे एका प्रभागाला एकच प्रतिनिधी आणि प्रभागाची वस्ती साधारण दहा हजारांच्या घरातली. 2010 मध्ये तेथे हाती आलेल्या जागा एक आकडी होत्या. कार्यकर्त्याने एकच वस्ती धरायची, पडायचे, पुन्हा तेथेच काम करायचे, हे पंधरा वर्षे चालले. प्रभाग लहान होता म्हणून साध्या कार्यकर्त्याला हे परवडले. पाऊण लाखाच्या प्रभागात तोच कार्यकर्ता दुसऱ्याच्या पॅनेलचे पत्रक वाटत राहिला असता.

आणि आपल्याकडे? या वेळी कल्याण-डोंबिवलीसह काही शहरांत मतदानापूर्वीच अनेक जागा बिनविरोध झाल्या. गावात भाऊबंदकी टाळण्यासाठी सरपंच बिनविरोध निवडणे निराळे, आणि हजारो मतदारांच्या शहरी प्रभागात एकामागून एक अर्ज मागे घेतले जाणे निराळे. तेथील मतदाराला शाई लावून घेण्याचाही अधिकार उरला नाही. विजय कोणाचाही असो, त्याचा आनंद मला घेता आला नाही.

निवडणुकीनंतरची पाच वर्षे तर याहून महत्त्वाची. गावातील शेतकऱ्याला ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार वेळा ती भरवावी लागते आणि तेथे सरपंचाला उभे करून हिशेब विचारता येतो. शहरातील प्राध्यापकाला, डॉक्टरला, रिक्षाचालकाला असा कोणता चौथरा आहे? कागदावर आहे! केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा निधी मिळावा म्हणून महाराष्ट्राने 2009 मध्ये महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्रांच्या हद्दीतील मतदारांची ही सभा. नगरसेवकाने ती भरवावी, लोकांनी कामे सुचवावी, त्यांचा क्रम लावावा, पाणी आणि दिवाबत्तीतील उणिवा दाखवाव्या, अशी ती कल्पना. निधी आला आणि खर्चही झाला. पण सभा भरवण्यासाठी आधी 'क्षेत्रे' निश्चित करावी लागतात, ती बहुतेक महापालिकांनी निश्चितच केली नाहीत. क्षेत्र नाही म्हणून सभा नाही, आणि सभा नाही म्हणून जाब नाही. प्रशासनही खूश आणि नगरसेवकही खूश!

प्रभाग समित्यांचीही तीच गत. स्वयंसेवी संस्थांच्या तीन प्रतिनिधींना तेथे बसवण्याची कायद्यात सोय आहे. बसतात ते बहुधा तिकीट न मिळालेले. स्वीकृत नगरसेवक म्हणून तज्ज्ञ घ्यावेत असे कायदा म्हणतो. त्यांची कमाल संख्या आता 10 पर्यंत वाढली आहे, पण पराभूतांच्या पुनर्वसनापलीकडे तिचा उपयोग क्वचितच होतो. मग नगरसेवकाच्या हाती उरते काय? बाके, कमानी, नामफलक. पुण्यात ज्याला 'स' यादी म्हणतात, ती यादी कधी सवडीने वाचून पाहावी.

पण सारा दोष व्यवस्थेच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. राजकारण गलिच्छ आहे असे म्हणत सुशिक्षित मध्यमवर्गाने महापालिकेकडे पाठ फिरवली. मतदान निम्म्याच्या आगेमागे रेंगाळते, आणि घरी राहणाऱ्यांत सोसायट्यांतले लोक थोडेथोडके नसतात. ज्यांची छायाचित्रे आपण भिंतीवर लावतो त्यांना नगरपालिका कमीपणाची वाटली नव्हती. महात्मा फुले 1876 पासून सहा वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि लॉर्ड लिटनच्या स्वागतावर करदात्यांचे हजार रुपये उधळण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला. लोकमान्य टिळक तेथे सभासद होते, गोखले अध्यक्ष होते. संस्थाने विलीन करणारे सरदार पटेल त्यापूर्वी, 1924 पासून, अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून गटारांच्या आणि पाण्याच्या फायली पाहत होते. आपल्या घरातला मुलगा आज नगरसेवक होतो म्हणाला तर आपण त्याला काय सांगू?

काकांना उभे राहा म्हणणाऱ्यांत मी होतो, हे वर लिहिलेच आहे. ते उभे राहिले असते तर महामार्गापलीकडे त्यांची पत्रके घेऊन किती संध्याकाळी मी हिंडलो असतो, हे त्यांनी मला विचारले नाही. विचारले असते तर पंचाईत झाली असती.

म्हणून मागण्या दोनच. पुढील निवडणुकीपूर्वी, आणि तीही पुरेशी आधी, मुंबईप्रमाणे सर्व महापालिकांत एक प्रभाग, एक नगरसेवक ही पद्धत कायद्याने कायम करावी. आणि तोपर्यंत थांबण्याचे कारण नसलेली गोष्ट म्हणजे क्षेत्रसभा. कायदा सतरा वर्षे पडून आहे, नवा अध्यादेश नको की निधी नको. आयुक्तांनी क्षेत्रे जाहीर करावीत आणि नगरसेवकांनी सभा बोलवाव्यात. कार्यकर्त्यांना विनंती की, आपल्या ओळखीचा नगरसेवक असेल तर प्रथम त्यालाच विचारावे. तो आपला असेल तर अधिक जोराने विचारावे.

काकांनी निकालानंतर आमच्या प्रभागातील चारही नगरसेवकांना एकाच मजकुराचे पत्र दिले. पहिली क्षेत्रसभा कोणत्या तारखेला आणि कोठे, एवढीच विचारणा. तिघांच्या कार्यालयातून शिक्क्यासह पोच मिळाली. चौथ्याचे कार्यालय अजून उघडायचे आहे. पुढील सोमवारी काका पुन्हा जाणार आहेत, आणि या वेळी मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे.