रस्ता सरकारचा, फुटपाथ अल्लाहच्या भरवशावर

शिकागोत राहणाऱ्या माझ्या मामेभावाने जानेवारीत एक फोटो पाठवला होता. मशिदीतली आठ-दहा तरुण पोरं फावडी घेऊन शेजारच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईच्या दारातला बर्फ उपसताहेत. खाली ओळ होती, 'हाच खरा इस्लाम'. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'माशाअल्लाह'चा पाऊस पडला. मीही टाकलं. पण त्याच फोटोच्या कोपऱ्यात एक बसस्टॉप दिसत होता. त्याच्यापुढे कमरेएवढा बर्फाचा ढीग, आणि ढिगाच्या पलीकडे, चक्क गाड्यांच्या रस्त्यावर उभी राहून बसची वाट पाहणारी एक हिजाबवाली बाई.

तो ढीग कोणी केला, असं मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "महापालिकेच्या ट्रकनं. रस्ता साफ करताना बर्फ कडेलाच लोटतात ना."

तिथली वाटणी अशी आहे. रस्ते शहराने साफ करायचे. त्यासाठी जवळपास 300 ट्रक आहेत, ते बर्फ लोटतात आणि मीठ पसरतात. आधी मुख्य रस्ते, मग गल्ल्या. फुटपाथ मात्र ज्याच्या घरासमोर किंवा दुकानासमोर असेल त्याचा. सकाळी 7 ते संध्याकाळी 7 या वेळात पडलेला बर्फ त्याने रात्री 10 पर्यंत काढायचा, त्यानंतर पडलेला दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत. वाट किमान 5 फूट रुंद हवी. नाही काढला तर 50 ते 500 डॉलर दंड.

ऐकायला वाटणी बरी वाटते. पण जरा खोलात गेलं की लक्षात येतं, गाडीवाल्याला रस्ता करातून मिळतो आणि पायी चालणाऱ्याला शेजाऱ्यांच्या चांगुलपणातून. एका गल्लीत वीस घरं असतील आणि एकोणीस जणांनी इमानेइतबारे फावडं मारलं, तरी विसाव्या बंद घरापुढे व्हीलचेअर अडकतेच. गाडीच्या वाटेत असा 'विसावा' कधी येत नाही. आणि चौकातला कोपरा, जिथे फुटपाथवरून रस्त्यावर उतरायचं असतं, तिथे ट्रकने लोटलेला बर्फ साचून दगडासारखा होतो.

(शिकागोकरांची एक गंमतही सांगायला हवी. स्वतः उपसून मोकळ्या केलेल्या पार्किंगच्या जागेवर ते जुनी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवून जागा 'राखून' ठेवतात. कायद्याने ती जागा सार्वजनिकच आहे, पण बर्फ पडल्यावर काही दिवस पालिकाही त्या खुर्च्यांकडे काणाडोळा करते. गाडीसाठी केलेल्या मेहनतीला तिथे एवढा मान आहे.)

बर्फाचं राजकारण त्या शहराला नवीन नाही. जानेवारी 1979 च्या वादळात रस्ते दिवसेंदिवस साफ झाले नाहीत. लोकल गाड्या तर कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या स्थानकांवर न थांबता पुढे काढल्या गेल्या. फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक होती. महापौर मायकल बिलँडिक हरले आणि जेन बर्न शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. त्यांच्या विजयात कृष्णवर्णीय मतदारांचा वाटा मोठा होता. त्या लोकांनी कुणाकडे चांगुलपणाची याचना केली नव्हती, हिशेब मागितला होता.

आता आपल्याकडे येतो. वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणं ही ईमानची एक शाखा आहे, हे आपण मदरशात शिकलो. बर्फ उपसणारी पोरं तेच करत होती, यात शंका नाही. पण आपल्याच परंपरेत दुसरीही बाजू आहे, ती मात्र आपण जुम्म्याच्या खुतब्यात ऐकतो आणि बाहेर पडल्यावर विसरतो. हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल सांगतात की, इराकच्या वाटेवर एखादं खेचर ठेचकाळलं तरी 'रस्ता सपाट का केला नाहीस' असा जाब आपल्याला द्यावा लागेल, याची त्यांना धास्ती होती. म्हणजे रस्त्याचा जाब राज्यकर्त्याला.

नवव्या शतकात कैरवानचे फकीह याह्या इब्न उमर यांच्यापुढे तर जवळजवळ हाच प्रश्न आला होता. तिथे बर्फ नव्हता, पावसाचा चिखल होता. बाजारात साचलेला चिखल दुकानदारांनी काढायचा का? त्यांचा निर्वाळा असा की, चिखल त्यांनी केलेला नाही, म्हणून त्यांच्यावर सक्ती नाही. पण त्यांनी तो लोटून रस्त्याच्या मधोमध ढीग घातला आणि येणाऱ्याजाणाऱ्याची अडचण झाली, तर तो उचलणं त्यांचं काम. अकराशे वर्षांपूर्वीचा हा निवाडा शिकागोच्या बसस्टॉपला लावून पाहा. बर्फ आभाळातून पडला, तो कुणाचाच नाही. ढीग मात्र पालिकेच्या ट्रकचा आहे.

हे होऊ शकत नाही असंही नाही. टोरोंटोत 2021-22 च्या हिवाळ्यापासून सगळ्या फुटपाथांचा बर्फ शहरच काढतं. त्याआधी जुन्या, अरुंद भागात ते काम रहिवाशांवर होतं. स्वीडनमधल्या कार्ल्सकोगा या छोट्या शहराने तर क्रमच बदलला. आधी पायवाटा, मग मोटारींचे रस्ते. कारण पायी आणि बसने फिरणाऱ्यांत बायका जास्त, आणि घसरून हाडं मोडणाऱ्यांतही त्याच जास्त. शिकागोतही 'अ‍ॅक्सेस लिव्हिंग' ही अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था शहराने फुटपाथ साफ करावेत म्हणून लढते आहे. खर्च वाढेल हे खरं. पण तो खर्च आजही होतोच, फक्त तो मोडलेल्या मनगटांच्या आणि बुडालेल्या पगारांच्या खात्यावर पडतो.

मला टोचतं ते वेगळंच. आपल्याला खिदमतीचे फोटो फार आवडतात. कोरोनात आपल्या पोरांनी परधर्मीयांचे अंत्यसंस्कार केले, सांगली-कोल्हापूरच्या पुरात अन्न पोचवलं. केलं ते चांगलंच केलं. पण त्या फोटोंतून आपण कुणाकडून तरी चांगल्या मुसलमानाचं सर्टिफिकेट मागत असतो, असं मला वारंवार वाटतं. शिकागोतली ती पोरंही शेजारणीच्या दारात दिसली, पालिकेच्या सुनावणीत दिसली नाहीत. शेजाऱ्याला मदत करणाऱ्या मुसलमानाचं कौतुक होतं. कराचा हिशेब मागणाऱ्याचं होत नाही, उलट तो लगेच 'तक्रारखोर' ठरतो. म्हणूनच बहुधा आपण फावडं पटकन उचलतो आणि अर्ज लिहायला कचरतो.

त्या मशिदीच्या पार्किंगचा बर्फ कंत्राटदार फज्रच्या आधीच उचलून नेतो, हेही भावानेच सांगितलं. बसने येणाऱ्या बायकांचा स्टॉप तिथून पंचवीस-तीस पावलांवर आहे. कमिटीच्या पुढच्या बैठकीत तेवढी पावलं कंत्राटात धरायला किती डॉलर लागतील ते विचार, आणि वॉर्डाच्या नगरसेवकाला लिहायच्या पत्रावर सह्या घे, असं मी त्याला कळवलंय. त्याने अंगठा दाखवणारी इमोजी पाठवली आहे. पत्राचं अजून काही कळलेलं नाही.