काटा का घसरतो?

ब्रिटनमध्ये थंडी पडली की स्वयंपाकघरातल्या कॉम्बी बॉयलरच्या दाबाचा काटा बघणं हा घरोघरचा नित्यनेम होतो. पाणी थंड असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. शून्याकडे कलला की बॉयलर संपावर जातो आणि सगळे रेडिएटर गारठतात. मग खालच्या जाळीदार नळीचा कॉक उघडून पाणी भरायचं, की घर पुन्हा ऊबदार. पण दर आठवड्याला हेच करावं लागत असेल, तर पाणी कुठेतरी मुरतंय हे उघड आहे. शिवाय प्रत्येक भरणीबरोबर ताजा ऑक्सिजन आत शिरतो आणि रेडिएटर आतून गंजतात. रेडिएटरमधली हवा नुकतीच सोडली असेल तर एकदा दाब उतरणं साहजिक. नाहीतर आधी प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू फिरवावा, आणि बाहेरच्या भिंतीतून डोकावणाऱ्या तांब्याच्या नळीला रात्री प्लास्टिकची पिशवी बांधावी. सकाळी पिशवीत पाणी दिसलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय. बिचाऱ्याचा दोष बरेचदा नसतोच! पाणी तापून फुगलं की त्याला जागा देते ती एक्स्पान्शन व्हेसल, म्हणजे रबरी पडद्यामागे हवा भरलेली टाकी. ती हवा गेली, की बॉयलर पेटताच काटा ३ बारवर चढतो, व्हॉल्व्ह उघडतो, आणि पाणी निवल्यावर काटा तळाला. या टाकीला टायरसारखा व्हॉल्व्ह असतो. तो दाबल्यावर हवेऐवजी पाणी उडालं तर पडदा फाटलाय. तिथवर हात घालायचा तो मात्र ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या कारागिरानेच.