हाताला दोष देण्यापूर्वी

जलरंगातील सपाट वॉश, म्हणजे एकाच रंगाचा पारदर्शक थर या कडेपासून त्या कडेपर्यंत कोठेही पट्टा, डाग अथवा छटेचा फरक न पडू देता कागदावर उतरविणे, ही गोष्ट सांगावयास जितकी साधी तितकीच साधावयास दुर्घट समजली जाते; आणि चित्रकलेच्या तासाला ज्यांच्या आकाशाला पट्टे पडले अशा असंख्य मुलांना ‘तुला हातच नाही’ असा जो निकाल ऐकावा लागतो, त्याचे मूळ या समजुतीत आहे. हा निकाल मला एकतर्फी वाटतो. ज्या गुन्ह्याची शिक्षा हाताला फर्माविली जाते त्यातील मोठा वाटा कागदाचा आणि अपुऱ्या तयारीचा असतो. पण त्यांची जबानी घेण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

वॉश प्रत्यक्षात कसा उतरतो हे एकवार जवळून पाहावे. फळ्याच्या वरच्या बाजूखाली एखादे जाडसे पुस्तक सरकवून त्याला किंचित उतार द्यावयाचा, आणि लागेल असे वाटते त्याहून बराच अधिक रंग आधीच वाटीत कालवून ठेवावयाचा. कारण रंग मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही, आणि जुळविण्याच्या खटपटीत कागदावरची ओली कड वाळून जाते. भरलेला ब्रश डावीकडून उजवीकडे एकदाच नेला की पट्ट्याच्या खालच्या काठाला रंगाचे पाणी जमून एक फुगीर, चकाकती रेघ तयार होते. दुसरा फटकारा या रेघेला स्पर्श करून जावा, म्हणजे ती मोडते आणि तेच पाणी पुढच्या पट्ट्याच्या तळाशी नव्याने जमते. अशा रीतीने ती रेघ पायरी-पायरीने खाली आणून शेवटी पिळलेल्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यावयाची. ती तशीच राहिली, तर अर्धवट वाळलेल्या भागात पाणी माघारी शिरते, तेथील रंगाचे कण पुढे ढकलते आणि कातरलेल्या कडेचा डाग कायमचा उमटवून ठेवते. जमीन सारवणारी बाई ज्याप्रमाणे मागे-मागे सरत जाते आणि ओल्या भागावर पुन्हा पाऊल टाकीत नाही, त्याप्रमाणे येथेही झालेल्या भागाकडे परतावयाचे नसते. ओला रंग वाळल्यावर फिकट होतो. तो फिका पडू लागलेला पाहून घाबऱ्याघाबऱ्या दुसरा हात देण्याचा मोह, हीच पट्टे आणि डाग पडण्याची सर्वांत मोठी सबब होय.

आता कागदाकडे वळू. ओली कड क्षणभर तरी ओली राहणे हे या साऱ्या क्रियेचे मर्म आहे, आणि ती राहावी म्हणून जलरंगाच्या चांगल्या कागदाला सरसाची किंवा तत्सम खळ दिलेली असते. हे ज्ञान आपल्याला परके नाही. जुन्नर आणि दौलताबाद येथील कागदी लोक कागदाला खळ देऊन तो घोटीत असत, म्हणूनच पेशवे दप्तरातील मोडी अक्षर इतक्या वर्षांनीही फुटलेले दिसत नाही. जो कागद शाई पसरू देत नाही तो पाणीही एकाएकी पिऊन टाकीत नाही, एवढेच यातील इंगित. याउलट शाळेच्या चित्रकलेच्या वहीतील पातळ, अल्पखळीचा कागद पहिला फटकारा दुसरा येण्यापूर्वीच शोषून घेतो आणि ओलाव्याने फुगून त्याला घड्या पडतात. मग रंग त्या खळग्यांतून साचणार, हे भाकीत करावयास ज्योतिषी नको. अशा कागदावर सिद्धहस्त चित्रकारालाही सपाट वॉश कष्टानेच साधेल. तरीसुद्धा पालक मुलासाठी चोवीस रंगांची पेटी हौसेने घेतात आणि कागद मात्र दुकानात जो स्वस्त मिळेल तो.

रंगांचाही एक स्वभाव असतो. अल्ट्रामरीन निळ्याचे कण जड आणि आपसांत गोळा होणारे असल्याने तो कागदाच्या खळग्यांत दाणेदार होऊन बसतो. हा त्याचा गुण पुढे दगड किंवा ढग रंगविताना उपयोगी पडतो, परंतु सपाटपणाच्या पहिल्या परीक्षेला तोच रंग हाती देणे म्हणजे पोराला हेतुतः नापास करणे होय. थॅलो निळ्यासारखा सूक्ष्म कणांचा रंग आरंभाला अधिक सोयीचा. हवेचेही तसेच. मे महिन्यात सोलापुरास फटकारा बघता-बघता वाळतो, म्हणून तेथे कागद आधी साध्या पाण्याने भिजवून घ्यावा; आषाढात रत्नागिरीस तो वाळता वाळत नाही, तेव्हा तेथे धीर धरावा.

सपाट वॉश ही उपजत देणगी नव्हे, याला इतिहासाची साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश इंजिनिअरांच्या कचेऱ्यांत यंत्रांचे आणि पुलांचे नकाशे रंगविण्याचा रिवाज होता. ओतीव लोखंडाला करडा, घडीव लोखंडाला निळा, पोलादाला जांभळट, अशी छटांची वाटणी ठरलेली असे, आणि साधे पगारी नकाशानवीस हे वॉश दिवसभर देत असत. त्यांतील प्रत्येक जण प्रतिभावंत होता असे कोणी म्हणणार नाही. त्यांना रीत शिकविली गेली होती आणि साहित्य नेटके मिळत होते.

यावर कोणी म्हणेल की असे यांत्रिक काम शिकवून मुलांची कल्पकता मारावयाची काय? हा आक्षेप रास्त वाटला तरी टिकत नाही. जॉन सेल कॉटमन या इंग्रज चित्रकाराने १८०५ च्या सुमारास रंगविलेले ‘ग्रेटा ब्रिज’ हे जलरंगचित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पूल, खडक, झाडी आणि पाण्यातील प्रतिबिंब हे सारे त्यात शांत, सपाट वॉश एकमेकांशेजारी बेतून उभे केले आहे, आणि ते इंग्रजी जलरंगकलेच्या उत्कृष्ट कृतींत गणले जाते. जेथे कल्पकता आहे तेथे शिस्त तिला जागा करून देते. पोस्टर कलरने सपाटपणा सहज येतो हे खरे. परंतु तो अपारदर्शक रंग कागद झाकून टाकतो, आणि जलरंगाचे तेज तर खालच्या पांढऱ्या कागदावरून परतणाऱ्या प्रकाशात असते. एकाची सवय दुसऱ्याच्या जागी चालवून घेणे ही सोय झाली, शिक्षण नव्हे.

रेखाकला परीक्षांच्या श्रेणीवर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळत असल्यामुळे चित्रकलेच्या तासाला आज मागणी आहे. तिचा फायदा घेऊन शाळांनी एक माफक सुधारणा करावी. तीनशे ग्रॅम वजनाच्या, खळ दिलेल्या जलरंगाच्या कागदाचा २२ × ३० इंची ताव कापला तर साडेपाच × साडेसात इंचांचे १६ तुकडे निघतात. म्हणजे ४८ मुलांच्या वर्गाला तीन ताव पुरतात, आणि पाठीमागची बाजूही रंगविता येते. पेटीतील रंगांची संख्या कमी करून तो पैसा या कागदावर लावावा, वर्षाचे पहिले दोन तास केवळ सपाट वॉशला द्यावेत, आणि कोणत्या मुलाला हात आहे व कोणाला नाही, याचा फैसला त्यानंतर खुशाल करावा. त्या वेळी नापासांची यादी आजच्याइतकी लांब राहणार नाही, याबद्दल मला शंका नाही.