नकाशावरची मस्जिद

राज्यघटनेचे कलम २५ आपल्याला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. कलम २६ धार्मिक समूहांना मालमत्ता घेण्याचा आणि कायद्यानुसार तिचा कारभार पाहण्याचा हक्क देते. ही कलमे आपण सभांमधून नेहमी ऐकतो. पण शहरात मस्जिद उभी राहते ती जमिनीच्या एका तुकड्यावर, आणि त्या तुकड्याचा वापर कशासाठी करायचा हे विकास आराखडा ठरवतो. त्या आराखड्याकडे मात्र आपण वळूनही पाहत नाही.

पुण्याजवळच्या वाघोलीचेच घ्या. नगर रस्त्यावरचे हे गाव पूर्वी शेतीचे आणि दगडखाणींचे. शेजारी खराडीत आयटी कंपन्या आल्या आणि इथे इमारतींच्या रांगा लागल्या. ३० जून २०२१ रोजी वाघोली आणखी २२ गावांसह पुणे महापालिकेत गेली. अशा नव्या वस्तीत फ्लॅट मिळतो, शाळा मिळते. पण जुमाची नमाज कुठे, रमजानमध्ये तरावीह कुठे, घरात मय्यत झाली तर दफन कुठे, हे प्रश्न कुटुंब राहायला आल्यावर पुढे येतात. मग चार जण वर्गणी काढून एखादा गाळा भाड्याने घेतात. कुणी तक्रार केली की नोटीस येते: दुकानासाठी परवानगी असलेल्या जागेचा वापर बदलला आहे.

अशा वेळी आपण लगेच म्हणतो, धर्मस्वातंत्र्यावर घाला आला. कधी ते खरेही असते. एकाच रस्त्यावर एकाचे बांधकाम डोळ्याआड करायचे आणि दुसऱ्याला नोटीस द्यायची, हा अन्यायच आहे. पण प्रत्येक नोटीस म्हणजे अन्याय नव्हे. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, बागा आणि मोकळ्या जागांवर नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असे बजावले. त्यात मंदिर, मस्जिद, चर्च, गुरुद्वारा असा भेद नाही. दुसऱ्या बाजूने, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने सांगितले की पंधरा दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय बांधकाम पाडता येणार नाही. रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही.

कायद्यात आपल्यासाठी दारही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २२ मध्ये आराखड्यात कोणत्या सार्वजनिक कामांसाठी जागा ठेवता येतात ते दिले आहे. शाळा, दवाखाने, बाजार यांच्यासोबत तिथे धार्मिक इमारतींचाही उल्लेख आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ नुसार कोणीही मुदतीत हरकत किंवा सूचना देऊ शकतो. बांधकामाची परवानगी नाकारली तर कारण लेखी द्यावे लागते आणि कलम ४७ खाली चाळीस दिवसांत अपील करता येते.

अमेरिकेत न्यू जर्सीतील बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये मुस्लिम समाजाने हाच मार्ग धरला. मस्जिदीच्या अर्जावर ३९ सुनावण्या झाल्या. चर्चच्या हिशेबाने पन्नास गाड्यांची जागा पुरेशी होती, मस्जिदीकडून १०७ ची मागणी झाली आणि अर्ज फेटाळला गेला. समाज न्यायालयात गेला. २०१६ च्या शेवटच्या दिवशी न्यायालयाने हा दुजाभाव बेकायदा ठरवला आणि २०१७ मध्ये टाउनशिपने ३२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. नियम आहेत म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. सर्वांना एकच नियम लावा, एवढेच ते म्हणाले. अर्ज, नकाशा, सुनावणीची नोंद असे सगळे कागद त्यांच्या हाती होते, म्हणून हे सिद्ध करता आले.

स्वच्छ कागद ही आपल्यासाठी केवळ कायद्याची बाब नाही. मदीनेत मस्जिदे नबवीची जमीन दोन अनाथ मुलांची होती. ती फुकट द्यायची तयारी असतानाही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी किंमत देऊनच ती घेतली. बळकावलेल्या जमिनीवर अल्लाहचे घर बांधणे आपल्या दीनला मंजूर नाही.

वाघोलीसारख्या गावांसाठी ही वेळ महत्त्वाची आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप आराखडा राज्य सरकारने २०२५ मध्ये रद्द केला. म्हणजे नकाशा पुन्हा आखला जाणार. मस्जिद आणि कब्रस्तानसाठी जागा मागायची तर ती तेव्हाच. प्रत्येक वस्तीतील जमातीने किती कुटुंबे आहेत, जवळचे कब्रस्तान किती दूर आहे, याची यादी आजच करावी. मागणीत भगिनींसाठी नमाजची जागा, वजूखाना आणि पार्किंगही लिहावे. शेजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती बांधवांनाही स्मशान आणि प्रार्थनास्थळ लागतेच. त्यांनाही बरोबर घ्यावे, म्हणजे एकाची मागणी दुसऱ्याला खुपणार नाही.

भिंत उभी राहिल्यावर वकील शोधण्यापेक्षा, नकाशा आखला जात असताना एक सूचना लिहून पोच घेणे सोपे आहे. ती पोच जमातीच्या फायलीत जपून ठेवा.