नोआ, एलोजी आणि ज्येष्ठाचं पहिलं चरण

"पोराचं नाव नोआ? आपल्यात नावांचा दुष्काळ पडलाय व्हय?" कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीच्या आसपासच्या बारशांत असा टोमणा हल्ली कानावर येतो. आक्षेप दोन: नोआसारखी हिब्रू नावं परवापरवा मोबाइलमधून आली, आणि ती परकी आहेत. दोन्ही टिकत नाहीत.

परवापरवा? 1761 साली पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता. इब्राहिम म्हणजे अब्राहामच. युसूफ, याकूब, सुलेमान, मरियम ही नावं अरबीच्या वाटेनं येऊन पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेजारी नांदताहेत. 1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. ख्रिस्ती घरांत शमुवेल, दानीएल, रूथ, एस्तेर रुळले. शाळेच्या हजेरीत ही नावं ऐकून कुणी मान वळवत नाही. मग तसलंच नाव पाटील-शिंद्यांच्या पाळण्यात आलं की संस्कृती बुडते कशी? राग नावाचा नाहीच, ते कुणाच्या घरात शिरतं याचा आहे. तसं सरळ बोलावं.

परकेपणाचा मुद्दा तर कोकणानं कधीच निकालात काढलाय. बेने इस्राएल हे तिथले मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांनी शमुवेलचा सामाजी केला, एलियाचा एलोजी, इसहाकाचा इसाजी. आडनावं गावांवरून घेतली, किहीमकर, पेणकर, दिवेकर. 1796 साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आपल्या माणसांत सामाजी हसाजी होते. आणि इसाजी? येसाजी कंकाचा सख्खा भाऊ शोभेल! देवघेव उलटीही झाली. ज्यू घरातली रुबी मायर्स पडद्यावर सुलोचना झाली, एस्तेर अब्राहम प्रमिला झाली.

परंपरेच्या कैवाऱ्यांनी जरा पंचांगही उघडावं. ज्येष्ठा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर 'नो'. आता 'नो'वरून मराठी नाव सांगा. नोंदवही सोडून. आत्या मोबाइलवर यादी सरकवत बसते, भटजी 'न चालेल' म्हणून सुटका करून घेतात. अशा वेळी नोआ हे नाव शास्त्राला धरूनच आहे की!

नोआ ठेवणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये. 'वेगळं आहे, जगात कुठंही चालतं' ही त्यांची बाजू. अमेरिकेत 2013 ते 2016 सलग चार वर्षं मुलग्यांच्या नावांत नोआ पहिला होता. वेगळेपण राहिलं कुठं? आणि इस्रायलात नोआ हे मुलीचं नाव, तेही अतिशय लोकप्रिय. तिकडचा मुलगा नोआख.

मराठीत मात्र तो नोहा आहे. आपलं बायबल तसंच लिहितं. इस्रायलमधून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढणारे नोहा मस्सील तेच लावतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच की नाव खुशाल ठेवा, पण इंग्रजी उच्चाराचा पहारा उठवा. पोरगं तालमीत गेलं की नोह्या होणार, होऊ दे. आजी त्याला नोहबा म्हणते म्हणून सूनबाईंनी 'आई, नो-आ म्हणा' असं चारचौघांत शिकवू नये. बेने इस्राएलांनी इझिकेलचा हसाजी होऊ दिला, तिथं आजीनं असं काय वाईट केलंय?